चिंचोक्यांची उधारी

छंद करून पाहिले, हे आधीच सांगतो.
बहिणीने रंगांची पेटी आणली, मेहुण्याने कोडी.
फिजिओवाला म्हणाला, ध्यान करा, मन रमेल.
मी डोळे मिटले.
कंटाळाही शेजारी येऊन मांडी घालून बसला.
त्याला घालता येते.

पद्मावतीच्या चौकात, दुसरा मजला, लिफ्ट नाही.
एकोणचाळीस पायऱ्या.
उतरताना मोजल्या नव्हत्या कधी,
चौघांनी उचलून वर आणलं
तेव्हा मोजल्या.
वसुधा नऊला ऑफिसला जाते, सातला येते.
मधल्या दहा तासांत
खिडकी, खिडकीला टेकलेली खुर्ची,
आणि खाली एकशे वीस सेकंदांचा सिग्नल.

एका बुधवारी शाळेला दांडी मारून
समोरच्या पासलकरांची जुई आली.
पोट दुखत होतं म्हणे, तोंडात आवळासुपारी.
काचेला नाक लावून म्हणाली,
"काका, तो लाल हेल्मेटवाला थांबणार नाही. लावता पैज?"
मी म्हटलं, पुण्यात राहून हेल्मेट घालतोय,
म्हणजे थांबणारच.
तो थांबला नाही.
माझे पाच चिंचोके गेले.

मग काय, नादच लागला.
देवधरांचा कुकर तिसरी शिट्टी देतो की त्याआधी गॅस बंद,
कात्रजची बस लोंबकळत येते की रिकामी,
केळीवाला गिऱ्हाइकाशी आज भांडेल
की नुसताच दुसरीकडे बघेल.
जुन्या डायरीत दोन रकाने पाडले.
वसुधा म्हणायची, आमटीला एवढी चिंच
लागते कुठे आपल्याला, संपते कशी?
मी डाळीला दोष द्यायचो.

एकदा ऑइल सांडलं होतं तिथे
एका आजोबांची स्कूटर घसरली.
जुईने मांडलेले चिंचोके पटकन मुठीत घेतले
आणि नियम केला:
पडण्यावर पैज नाही.
हे बोलताना ती
माझ्याकडे बघत नव्हती.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये लिफ्टचा विषय निघाला.
खालून आवाज येत होते, चहाच्या कपांचेही.
ती म्हणाली, "होईल की नाही? लावू या."
दोघांनी चिंचोके ठेवले
एकाच बाजूला.
अशी पैज होत नाही.
आपापले परत घेतले.

ती शाळेत असायची तेव्हा दुपार दुपारसारखीच.
एकट्याने पैज लावता येते,
पण हरल्यावर चिडवायला कोणी नाही.
आणि रात्री दर दोन तासांनी
वसुधा उठून मला कुशीवर वळवते,
तेव्हा मनात लावतो:
आज "झालं का नीट?" म्हणेल
की नुसती जांभई.
ह्याची नोंद डायरीत नाही.

जूनमध्ये पासलकर वाघोलीला गेले.
नववा मजला, दोन लिफ्ट.
माझ्या नावावर तीनशे बारा निघत होते.
बरणी पुढे केली तर जुई म्हणाली,
"राहू दे उधारी. एवढे सामानात सांडतील."

आता फोन येतो साडेचारच्या सुमारास.
"काका, खाली काय चाललंय?"
"काही नाही गं. ट्रॅफिक हवालदार आहे.
टोपी काढलीय. आता डोकं खाजवणार.
डावा हात की उजवा?"
पलीकडे ती विचार करते,
मागे कुणाचा तरी मिक्सर चालू.
इकडे हवालदाराने डाव्याने खाजवून
टोपी परत घातलीसुद्धा.
"उजवा," ती म्हणते.

"हरलो," मी म्हणतो.
"लिही पाच."